गंगाकाठचा मॅकबेथ

नाशिकची माणसे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. सकाळचे स्नान गंगेवर, भाजीबाजार गंगेवर आणि घरातले कोणी गेले तर त्याचे दहाव्याचे विधीही गंगेवरच. रामकुंडात एक बुडी मारली की जन्माचे पाप धुऊन निघते, या श्रद्धेने सिंहस्थात लाखो लोक येथे लोटतात. याच गंगेच्या काठाने पश्चिमेला निघाले, की जुन्या गावापासून सुमारे तीन मैलांवर आनंदवल्ली लागते. आज ती नाशिक शहरातच सामावून गेली आहे. गंगापूर रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्याला बंगले, दुकाने आणि शाळा दिसतात; गाव कोठे सुरू झाले नि कोठे संपले, ते कळतही नाही. नवश्या गणपतीला जाणारा भाविक तेवढा येथे हमखास थांबतो.

या आनंदवल्लीत राघोबादादा पेशव्यांचा वाडा होता. आनंदीबाईंच्या नावावरूनच गावाला हे नाव पडले, असे म्हणतात. नदीच्या काठानेच आणखी पुढे गेले की गंगापूर येते, आणि तेथे गोपिकाबाई राहत होत्या. गोपिकाबाई म्हणजे ज्या नारायणरावाचा खून झाला त्याची आई, आणि राघोबादादा म्हणजे त्या खुनाचा डाग ज्याच्या हातावर बसला तो त्याचा सख्खा चुलता. मारणारा आणि मारला गेलेल्याची आई या दोघांची घरे एकाच नदीच्या काठी, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर! एखाद्या नाटककाराने ही योजना केली असती, तर ओढूनताणून जुळवली म्हणून आपण नाक मुरडले असते.

तसे पाहिले तर ही कथा एका नाटककाराने आधीच लिहून ठेवली होती. मात्र नारायणरावाच्या खुनाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, आणि तीही सातासमुद्रापलीकडे.

पराक्रमी पुरुषाची पहिली पायरी

शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ हे नाटक इसवी सन १६०६ च्या सुमाराचे. कॉलेजात ते पुष्कळांनी परीक्षेपुरते वाचलेले असते आणि परीक्षेबरोबर विसरलेलेही असते. म्हणून त्याची कथा थोडक्यात सांगतो. मॅकबेथ हा स्कॉटलंडच्या राजाचा शूर सेनापती. लढाई जिंकून येत असता तीन चेटकिणी त्याला सांगतात, की तू राजा होशील. चेटकिणींनी सांगितले ते त्याच्या मनात आधीच कोठेतरी दडलेले होते. राजा डंकन त्याच्याच घरी पाहुणा म्हणून येतो आणि बायकोच्या चिथावणीने मॅकबेथ झोपलेल्या राजाचा वध करतो. मुकुट मिळतो, झोप मात्र जाते. मग मित्र बँकोचा काटा काढणे भाग पडते. त्यानंतर मॅकडफ या सरदाराची बायकामुले. अखेर बायको झोपेत चालत, हातावरचा न दिसणारा रक्ताचा डाग चोळचोळून धुऊ पाहते आणि वेडाच्या भरात मरते. मॅकबेथ रणात मारला जातो.

या नाटकाला खुनाचे नाटक म्हणणे पुरेसे नाही. खून तर दुसऱ्या अंकातच उरकतो आणि तोही पडद्याआड. उरलेले सारे नाटक आहे ते खुनानंतर माणसाचे काय होते, याचे. मॅकबेथ पायरीपायरीने उतरतो, आणि त्या पायऱ्या नीट मोजण्यासारख्या आहेत. पहिला खून तो स्वतःच्या हाताने करतो आणि त्यापूर्वी कितीतरी वेळ मनाशी झगडतो. मी राजाचा नातलग, त्याचा चाकर आणि त्याचा यजमान. त्याच्यावर कोणी चालून आले तर दार लावून त्याला वाचवणे हे माझे काम, हे त्याला स्पष्ट दिसत असते. दुसरा खून तो भाडोत्री माणसांकडून करवतो आणि बायकोलाही आधी सांगत नाही. तिसऱ्या वेळी ज्यांच्यापासून त्याला काही धोका नाही, अशी लहान मुले कापली जातात, आणि त्यासाठी त्याला पळभरही विचार करावा लागत नाही. बायकोच्या मृत्यूची बातमी येते, तेव्हा त्याला धड रडूही येत नाही. पापाची खरी शिक्षा शेक्सपिअरने येथे दाखवली आहे. टोचणी हळूहळू बोथट होते, आणि तिच्याबरोबर माणूसही मरत जातो.

आता राघोबादादाकडे वळू.

अटकेपासून धोडपपर्यंत

राघोबादादा जन्मतःच दुष्ट होता असे कोणीही म्हणणार नाही. थोरल्या बाजीरावाचा हा मुलगा १७३४ साली साताऱ्याजवळच्या माहुलीस जन्मला. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोर घेऊन अटकेपर्यंत गेल्या, त्या मोहिमेचा सेनापती तोच. ‘अटकेपार झेंडे’ हा आपला आवडता वाक्प्रचार ज्या पराक्रमातून आला, तो पराक्रम त्याच्या नावावर आहे. मॅकबेथही असाच रणात नाव मिळवून आपल्यापुढे येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याला उंची नाही त्याच्या पडण्याची शोकांतिका होत नाही.

१७६१ मध्ये पानिपत झाले. विश्वासराव आणि भाऊसाहेब गेले, पाठोपाठ नानासाहेब पेशवेही गेले. गादीवर आला सोळा वर्षांचा माधवराव आणि कारभार आला काकाच्या हाती. येथे त्याला चेटकिणी भेटल्या नाहीत, पण त्यांची गरजही नव्हती. ‘कर्तबगारी माझी, वय माझे, आणि मसनद मात्र पोराची!’ हे मनात बोलायला बाहेरचा आवाज लागत नाही. पुढची सात वर्षे काका-पुतण्यांत कधी लढाई, कधी सलोखा असे चालले. १७६२ मध्ये आळेगावला माधवराव आपण होऊन काकाच्या स्वाधीन झाला. १७६८ मध्ये पारडे फिरले. नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावाने काकाचा पराभव केला, त्याला पुण्यास आणले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. धोडपचा तो उंच कडा आजही दुरून ओळखू येतो. सुट्टीच्या दिवशी तो चढून जाणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना तेथे पेशवाईचे नशीब फिरले हे ठाऊक असते, कोण जाणे!

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने वारले आणि सतरा वर्षांचा नारायणराव पेशवा झाला.

‘काका, मला वाचवा!’

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस. भर दुपारी पगार थकल्याचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव जीव घेऊन पळाला तो थेट काकाच्या खोलीत. त्याने काकाच्या कमरेला मिठी घातली. राघोबाचा चाकर तुळाजी पवार याने त्याला ओढून काढले आणि सुमेरसिंग गारद्याने व त्याच्या साथीदारांनी त्याचे तुकडे केले. चापाजी टिळेकर हा नोकर धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर मेला. नारायणराव नुकताच अठरा वर्षांचा झाला होता.

‘काका, मला वाचवा!’ ही हाक महाराष्ट्राच्या घराघरांत अजून ऐकू येते. शनिवारवाड्यात अमावास्येच्या रात्री ती ऐकू येते, असे सांगणारी माणसे आजही भेटतात. भूत खरे की खोटे, हा वाद आपल्याला घालायचा नाही. परंतु एका समाजाच्या मनाला जी गोष्ट पचली नाही, ती भुताच्या रूपाने शिल्लक राहते, एवढे मात्र खरे. मॅकबेथच्या मेजवानीत बँकोचे भूत येऊन बसते आणि ते एकट्या मॅकबेथलाच दिसते. आपल्याकडे ते राघोबाला दिसले की नाही ते इतिहासाला माहीत नाही; साऱ्या महाराष्ट्राने मात्र ते पाहिले.

मॅकबेथला सर्वांत मोठे भय कोणाचे होते? बँकोच्या वंशाचे. राज्य माझे, पण पुढे ते दुसऱ्याची मुले भोगणार, हा सल त्याला जगू देत नाही. राघोबापुढेही हाच प्रसंग आला. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभारी एकत्र आले, ‘बारभाई’ जमले, गंगाबाईंना पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. भर वाड्यात गारदी घालून मिळवलेली मसनद पाळण्यातल्या पोराने काढून घेतली.

रामशास्त्री आणि मनातले न्यायासन

येथवर दोन्ही कथा हातात हात घालून चालतात. पुढे मात्र पुण्याच्या कथेत एक माणूस उभा राहतो, ज्याला ‘मॅकबेथ’मध्ये जागा नाही. तो म्हणजे रामशास्त्री प्रभुणे. हा न्यायाधीशही माहुलीचाच! ज्या गावात राघोबा जन्मला, त्याच गावच्या शास्त्र्याने त्याच्यापुढे उभे राहून त्याला दोषी ठरवले. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी, की खुनाची चौकशी शास्त्रीबुवांनी केली, आणि राघोबाने प्रायश्चित्त विचारले तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे निक्षून सांगितले. असल्या कारभारात आपण राहणार नाही म्हणून त्यांनी पुणे सोडले आणि ते वाईकडे निघून गेले. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर ते परत आले.

स्कॉटलंडच्या त्या दरबारात असा एकही माणूस नाही. सरदार कुजबुजतात, पळून जातात, अखेर सैन्य घेऊन येतात. पण सिंहासनासमोर उभे राहून ‘तू खुनी आहेस’ असे तोंडावर सांगणारा कोणी नाही. म्हणून शेक्सपिअरला न्यायाधीश मॅकबेथच्या आत बसवावा लागला. त्याची सारी स्वगते म्हणजे त्या आतल्या न्यायासनापुढचा कबुलीजबाबच. आपल्याकडे उलट झाले. राघोबाचे स्वगत कोणीही लिहून ठेवले नाही. पण बाहेरचा न्यायाधीश मात्र इतका ठसठशीत मिळाला, की १९४४ मध्ये प्रभातने चित्रपट काढला तेव्हा त्याला ‘रामशास्त्री’ हेच नाव दिले. राजाचे नाव मागे पडले आणि न्यायाधीशाचे राहिले.

राघोबाला पश्चात्ताप झाला का? त्याने प्रायश्चित्त विचारले, यावरून मनाला काहीतरी लागले असावे. परंतु प्रायश्चित्त विचारणे आणि पश्चात्ताप होणे यांत अंतर आहे. जे मिळाले ते हातात ठेवूनच पापातून मोकळे होता येईल का, असा तो सवाल असतो. शेक्सपिअरच्या दुसऱ्या एका नाटकात, ‘हॅम्लेट’मध्ये, भावाचा खून करून गादीवर बसलेला राजा प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि याच अडचणीत सापडतो: मुकुट आणि राणी दोन्ही माझ्यापाशीच असता मला क्षमा कशी मिळेल? त्याला निदान प्रश्न तरी नीट कळला होता.

घसरणीच्या पायऱ्या

पहिल्या पापाला झाकायला दुसरे लागते. राघोबाच्या पायऱ्या तारखांनिशी मोजता येतात. मार्च १७७५ मध्ये त्याने सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई लिहून दिली. ही वसई कोणी घेतली होती? १७३९ मध्ये त्याच्याच चुलत्याने, चिमाजीअप्पाने, पोर्तुगिजांशी झुंजून. एका चुलत्याने रक्त सांडून मिळवलेली वसई, पुतण्याच्या रक्ताचा डाग घेऊन फिरणाऱ्या दुसऱ्या चुलत्याने कागदावर देऊन टाकली. जानेवारी १७७९ मध्ये राघोबाला पुण्यास बसवण्यासाठी इंग्रजांचे सैन्य बोरघाट चढून आले आणि वडगावला मराठ्यांनी त्याला शरण आणले. आपल्याच लोकांविरुद्ध परक्यांच्या छावणीत बसलेला हा अटकेचा वीर! १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. ज्यांच्यासाठी सारे देऊन टाकले, त्या इंग्रजांनीच त्याचा हात सोडला. महिना पंचवीस हजारांची नेमणूक तेवढी पदरात पडली. गोदेच्याच काठी कोपरगावला ११ डिसेंबर १७८३ रोजी तो वारला. वय पन्नासही नव्हते.

हिशेब येथे संपला नाही. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी जो तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले, तोही वसईलाच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बापाचे पाप मुलाला भोवले, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला वाटते, घरात बापाने जो मार्ग सोपा म्हणून दाखवला तोच मुलाने धरला, इतकेच यात पाहावे.

‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. हुकुमात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही गोष्ट ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही आली आहे. पण आनंदीबाईंवरचा हा आरोप शाबीत झाल्याचा पुरावा नाही. तरीही लोकांनी त्यांना कधीच दोषी ठरवून टाकले आहे.

गंमत अशी, की मॅकबेथच्या बायकोचेही असेच झाले. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य करीत होता. डंकन मारला गेला तो लढाईत. पाहुणा म्हणून आलेला असताना अंथरुणात नव्हे. आणि राणी ग्रूओख हिच्याविषयी कागदोपत्री काय आहे? तिने नवऱ्यासह लॉक लिव्हनच्या साधूंना जमीन दान दिली, एवढेच. नाटककाराला आणि बखरकारांना हवी होती म्हणून ती खुनाची वाटेकरीण झाली.

दोन्हीकडे पुरुषाच्या पापाचा मोठा वाटा बाईच्या पदरात घालण्याची ही हौस का? कारण ते सोयीचे असते. ‘दादासाहेब तसे भोळे, बाईंनी घात केला’ असे म्हटले की घराण्याची अब्रू अर्धी वाचते. आपल्या शेजारीपाजारीही काय चालते? भावाभावांत वाटणीवरून कोर्टकचेरी झाली, की ‘धाकटीने कान भरले’ म्हणून सारे मोकळे होतात. पण क्षणभर त्या अक्षराची कथा खरी धरली, तरी मूळ शब्द उरतोच. ‘धरावे’ हा हुकूम कोणाचा? आपल्या पुतण्यावर, राज्याच्या धन्यावर, भाड्याचे शिपाई घालण्याचा कागद ज्याने सही करून दिला, त्याने दार उघडले होते. आत शिरलेल्यांनी काय केले, याची जबाबदारी मग त्याला झटकता येत नाही. शेक्सपिअरचा मोठेपणा येथे आहे. बायकोने कितीही चिथावले असले, तरी मॅकबेथ शेवटपर्यंत एकदाही ‘तिने मला करायला लावले’ असे म्हणत नाही.

एकच नदी, दोन घरे

गोपिकाबाई माधवरावांच्या हयातीतच पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन गंगापूरला येऊन राहिल्या होत्या. विश्वासराव पानिपतात गेला, माधवराव क्षयाने, नारायणराव गारद्यांच्या हातून. राज्यकर्त्या घराण्यात सून म्हणून आलेल्या या बाईने तिन्ही मुलगे गेलेले पाहिले. नारायणरावाच्या खुनानंतर त्या दारोदार भिक्षा मागून राहिल्या, अशी आख्यायिका नाशकात सांगतात. १७८८ मध्ये त्या वारल्या. पुढे काही वर्षांनी आनंदीबाईंना नाना फडणीसांच्या पहाऱ्याखाली आनंदवल्लीस आणून ठेवण्यात आले. १७९४ मध्ये त्यांचा तेथेच अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचा मुलगा पेशवा झाला; ते पाहायला त्या उरल्या नाहीत. दोघी एकमेकींना येथे भेटल्या नाहीत. पण दोघींच्या अंगणापुढून पाणी तेच वाहत होते, आणि दोघींपैकी कोणालाही त्याने धुऊन मोकळे केले नाही.

आपल्या रंगभूमीने ही दोन्ही नाटके जवळ केली, यात नवल नाही. नारायणरावाच्या वधावरचे ‘फार्स’ एकोणिसाव्या शतकातच होऊ लागले होते. शिवराम महादेव परांजप्यांनी ‘मॅकबेथ’ला ‘मानाजीराव’ करून मराठी वेष चढवला. १९०९ मध्ये खाडिलकरांची ‘भाऊबंदकी’ आली आणि राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री ही त्रयी प्रेक्षकांच्या ओळखीची झाली. पुढे ‘राजमुकुट’ या नावाने ‘मॅकबेथ’ पुन्हा मराठीत आले ते वि. वा. शिरवाडकरांच्या लेखणीतून. दुर्गाबाई खोट्यांनी ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई केली आणि ‘राजमुकुट’मधली राणीही केली! आणि हे ‘राजमुकुट’ लिहिणारे तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, याच नाशिकचे. १९९९ मध्ये येथेच त्यांचा देहान्त झाला. आनंदवल्लीच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या गावात बसून एका मराठी कवीने ‘मॅकबेथ’ मराठीत आणावे, हा योगायोगच. पण फार अर्थपूर्ण.

दिवाळीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नान करतो आणि स्वच्छ झालो असे मानतो. ती भावना मोठी गोड आहे, ती टाकू नये. ‘मॅकबेथ’मध्ये खून झाल्याबरोबर राणी म्हणते की थोड्याशा पाण्याने हे काम निभेल. मॅकबेथला मात्र वाटते की सारे समुद्र ओतले तरी हात स्वच्छ होणार नाहीत, उलट समुद्रच लाल होतील. त्या क्षणी तो अजून माणूस होता. रात्रीची झोप उडवणारी ती टोचणी जिवंत होती तोवर त्याला परत फिरता आले असते. मुकुट खाली ठेवावा लागला असता, एवढेच. राघोबालाही रामशास्त्र्यांनी वाट दाखवली होती. ती फार कठीण होती आणि त्याने ती घेतली नाही.

राज्ये गेली, वाडेही गेले. पण सही करण्यापूर्वीचा तो क्षण अजून प्रत्येकाच्या वाट्याला येतो, मग तो कचेरीतला कागद असो, भावाच्या वाटणीचा असो की म्हाताऱ्या चुलत्याच्या मृत्युपत्राचा असो. त्या वेळी आत काहीतरी टोचले, तर ते दुखणे समजून औषध शोधू नये. रामशास्त्री दर पिढीत जन्माला येत नाही. तो नसेल तेव्हा त्याचे काम त्या टोचणीलाच करावे लागते.